बाराच्या आत खाली

केप टाउन
५ नोव्हेंबर १९९५

प्रिय लेनी आत्या,

बाबांनी शेवटी तोंड उघडलं. वर्षभर मी विचारतेय, सत्तरीला काय हवं, घड्याळ घेऊ का, सूट शिवायला टाकू का, आणि ते नुसते हं हं करत होते. परवा जेवताना माशाचे काटे काढता काढता म्हणाले, "मला कमानीपर्यंत चालत जायचंय." मी विचारलं, कुठली कमान? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जगात दुसरी कमान आहेच कुठे!

मग सगळं सांगितलं. तुला ते ठाऊक असणार, मला नव्हतं. दहा-बारा वर्षांचे असताना ते आजोबांबरोबर खेचरं घेऊन त्या डोंगरावर जायचे, साहेबलोकांचे तंबू आणि पेट्या वाहायला. शेवटच्या चढाखाली आपल्या माणसांनी खेचरं धरून थांबायचं, आणि साहेबांनी वर जाऊन दगडाची कमान पाहून यायची. खाली आल्यावर ते एकमेकांना सांगायचे, काय अद्भुत आहे, काय अद्भुत आहे, आणि बाबा खेचराचा कासरा धरून ऐकायचे. मोठेपणी तर कायद्यानेच तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश, आपल्याला जायला बंदीच होती. आता कुणीही जाऊ शकतं, तर यांना सत्तर पूर्ण होतायत. मला म्हणाले, डोंगरावर जायचा परवाना माझ्या नावाचा काढ, आणि नाव पूर्ण लिहून घे, बारेंड सालोमो.

वाढदिवस शनिवारी येतोय, वीस जानेवारीला. म्हणजे भर उन्हाळा. मी म्हटलं, मे महिन्यात जाऊ, गारवा असतो. तर म्हणतात, मे महिन्यात मी सत्तर वर्षं चार महिन्यांचा असेन, त्याला काय अर्थ आहे? हट्टीपणा कुठून आलाय ते तुला सांगायला नको, तुमच्या घराण्याचाच आहे.

आत्या, मी हे नीट करणार आहे. कारखान्यात चाळीस बायकांची लाइन मी सांभाळते, कॉलर किती वेळात लागते आणि कुठे अडते ते मला कळतं. शिवाय सहा वर्षं आमच्या चर्चच्या क्लबाबरोबर टेबल माउंटन चढतेय. नियम तीनच. अंधारात निघायचं. नऊ वाजता जिथे असू तिथून मागे वळायचं, कमान चार पावलांवर असली तरी. आणि बाराच्या आत खाली. तू फक्त मला वाटेवर सावली कुठे आहे आणि पाणी कुठे आहे ते लिही. फोनवर विचारलं असतं, पण डोराच्या दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या रुस्टदालला बोलावून बोलायचं.

तुझी,
रोवीना


रुस्टदाल
१५ नोव्हेंबर १९९५

प्रिय रोवीना,

तुझं पत्र मंगळवारच्या गाडीने आलं आणि डोराने ते उजेडाला धरून पाहिल्याशिवाय दिलं नाही. पाकीट जाड घेत जा.

दादा येणार! वाचलं आणि मी ओट्यावर बसून रडले, खोटं कशाला बोलू. आईला पुरलं तेव्हा आला होता, तेही एका रात्रीपुरता. गावात आम्ही सगळे लहानपणचे आता बोटांवर मोजण्याइतके उरलोत. गेल्या महिन्यात बॅंडमास्तर इझाकच्या आईला सत्तर पूर्ण झाली. आपल्याकडची रीत आहे ना, सत्तर पूर्ण झाली की त्या दिवशी सूर्य उगवताना चर्चचा बॅंड खिडकीखाली येतो. म्हातारी उशीत तोंड घालून पडली होती, बाहेर यायला लाजत होती. मग आली आणि न्याहारी होईपर्यंत कुणाला घरी सोडीना. तुम्ही शहरात हे सगळं विसरलात.

आता तुझे प्रश्न. पहिली घळ आहे तिथे सकाळी सावली असते, सूर्य वर आला की जाते. त्यापुढे उघडा खडक, झुडूपसुद्धा नाही. दुसऱ्या टप्प्याखाली झरा आहे, पण यंदा पाऊस कमी झालाय, त्यावर विसंबू नकोस. पाणी खालूनच न्या, जडच होईल, होऊ दे. आम्ही डोंगरातल्या लाल चहाची झुडपं कापायला जातो ते तारे असताना जातो आणि ऊन डोक्यावर यायच्या आत कोयते म्यान करतो. त्यामुळे तुझे नियम काही वाईट नाहीत. पण मुली, तुझ्या कारखान्याची घंटा डोंगराला ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेव.

दादाची तब्येत कशी आहे? त्याचं ईस्टरचं कार्ड आलं, त्यात अक्षर फार वाकडं होतं.

तुझी,
लेनी आत्या


केप टाउन
२७ नोव्हेंबर १९९५

प्रिय आत्या,

बाबा ठीक आहेत. अक्षराचं म्हणशील तर चष्म्याचा नंबर बदललाय आणि ते डोळे तपासायला येत नाहीत. रोज संध्याकाळी डोंगरासाठी बूट शिवत बसतात. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांचे जोडे केले, आता म्हणतात, हे शेवटचे आणि माझे. घरभर कातड्याचा वास भरलाय.

सरावासाठी गेल्या रविवारी त्यांना टेबल माउंटनवर नेलं होतं. अर्ध्यातून परत आलो. क्लबातल्या एकीचा पाय मुरगळला, तिला एकटीला कसं सोडायचं? पण तोवर बाबा छान चालले. वारा सुटला होता, त्यामुळे ऊन जाणवलंही नाही. वीस तारखेला वारा सुटला तर आपलं नशीबच.

एक सहज विचारते. तुमच्या दवाखान्यातली नर्स जानेवारीत गावात असते का? आणि कुणाची गाडी चालू स्थितीत आहे का, म्हणजे तालुक्याला पटकन जायचं झालं तर? आमच्या क्लबाचा नियमच आहे, निघण्याआधी हे विचारून ठेवायचं. दुसरं काही नाही.

आणि बाबांना तू पत्रात तब्येतीचं विचारू नकोस. त्यांना ते आवडत नाही.

तुझी,
रोवीना


रुस्टदाल
१२ डिसेंबर १९९५

प्रिय रोवीना,

आधी वाऱ्याचं. तुमच्याकडे आग्नेयेचा वारा आला की तुम्ही त्याला डॉक्टर म्हणता, कारण तो समुद्रावरून येतो आणि शहराची घाण घेऊन जातो. आमच्याकडे तोच पूर्वेकडून येतो आणि वाटेत त्याला समुद्र कुठे लागत नाही, लागतं ते नुसतं वाळवंट. इथे त्याला डॉक्टर म्हणालीस तर लोक हसतील. तो सुटला की कोंबड्या चोच उघडून सावलीत बसतात. तेव्हा वारा सुटावा म्हणून प्रार्थना करू नकोस. सुटला तर मागे फीर.

नर्स जानेवारीभर रजेवर आहे, तिच्या मुलीचं बाळंतपण आहे. गाडी इझाकची आहे. चालू आहे म्हणायची, उतारावर ढकलली की होते सुरू. पण तू हे का विचारलंस? दादाला काही झालंय का? झालं असेल तर सांग, मी काही डोराच्या फोनवर ओरडून सांगणार नाही.

इथे गरम होतंय. बबून माकडं भर दुपारी चर्चच्या पाटावर पाणी प्यायला उतरतात, कुत्र्यांनाही भीत नाहीत. वर काही उरलं नसणार. म्हाताऱ्या लोकांच्या मते अशी ती दुष्काळाच्या वर्षी उतरली होती. मला अशा गोष्टी आवडत नाहीत, पण दिसलं ते लिहिलं.

आणखी एक. इझाक आणि मी मिळून दादासाठी काहीतरी ठरवलंय. काय ते तुला सांगणार नाही. तू हिशेबी बाई, तुला सांगितलं की तू त्यात वेळ मोजशील आणि सगळी मजा जाईल. मोठं काही नाही. तुझ्या कार्यक्रमाच्या आड येणार नाही, मी वेळेचं बघितलंय.

ख्रिसमसच्या शुभेच्छा. केक पाठवलाय, गाडीवाल्याने बसून चपटा केला नसेल तर पोचेल.

तुझी,
लेनी आत्या


केप टाउन
२ जानेवारी १९९६

प्रिय आत्या,

केक पोचला, चपटा पोचला, आणि बाबांनी एकट्याने संपवला. तुझं ते गुपित म्हणजे दुसरा केकच असणार, मला कळत नाही का? करच, पण आदल्या रात्री काप, पहाटे नको. पोट जड घेऊन चढायचं नाही.

शेवटचं ठरलेलं लिहिते. परवाना मिळाला. त्यावर बाबांचं पूर्ण नाव आहे आणि ते तो खिशात घालूनच झोपतात. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचू. रात्री कुणाला बोलावू नकोस, भेटीगाठी रविवारी चर्चनंतर. शनिवारी पहाटे चारला घर सोडायचं. प्रत्येकी पाच लिटर पाणी, मिठाच्या गोळ्या, रुंद टोप्या, लांब बाह्यांचे सुती शर्ट. बाबांना दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला लावणार, तहान असो वा नसो.

सोबत एक कागद जोडलाय. तो स्वयंपाकघराच्या दारावर लाव. त्यावर वेळा आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. बारापर्यंत आम्ही खाली दिसलो नाही, तर माणसं वर पाठव. थांबू नकोस, बघू थोडा वेळ असं म्हणू नकोस, आणि उगाच धावाधाव झाली असं लोक म्हणतील म्हणून लाजू नकोस. आम्ही पाच मिनिटांनी हसत आलो तरी चालेल. आत्या, बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

तू दोनदा विचारलंस, म्हणून आणखी एक लिहायला घेतलं होतं. पण बाबा समोरच बुटांना तेल लावत बसलेत आणि मी त्यांना शब्द दिलाय. तर राहू दे. मी आहे ना बरोबर.

तुझी,
रोवीना


रुस्टदाल
१२ जानेवारी १९९६

प्रिय रोवीना,

कागद लावला. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. पास्टर म्हणाले, अशी शिस्त चर्चच्या सभेला हवी.

शब्द कसला दिलायस, ते मी विचारत नाही. दादाने लहानपणीही मला असेच शब्द द्यायला लावले आणि दर वेळी मार मी खाल्ला.

ऊन फार आहे. जर्दाळू छपरावर वाळत घातले ते एका दिवसात लाकडासारखे झाले. चहा कापणारे हल्ली नऊलाच घरी येतात. एक जण परवा शेतातच आडवा झाला, त्याला पाटात बसवलं तेव्हा शुद्धीवर आला. मी इझाकला विचारलं, पुढे ढकलायचं का सगळं? तो म्हणाला, बारेंड सालोमो सत्तर वर्षांचा होऊन येतोय आणि तू त्याला घरात बसवून ठेवणार? खरं आहे त्याचं. आणि दादाला मी ओळखते, तुझ्याशिवाय निघेल तो.

या. गादीला नवी खोळ शिवलीय. मला झोप येत नाही, लहान मुलासारखं झालंय.

तुझी,
लेनी आत्या


रुस्टदाल
६ फेब्रुवारी १९९६

प्रिय रोवीना,

दादाला पुरलं त्या दिवशी तू कबरीपासून सरळ गाडीत जाऊन बसलीस. घरात आली नाहीस, कॉफी घेतली नाहीस. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिला बरं नाही. त्यानंतर तुझी एक ओळ नाही. म्हणून मीच लिहिते. तू फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

बॅंड मी बोलावला. ते गुपित. मी वेळेचं बघितलंय असं लिहिलं होतं ना, ते असं की इझाकला साडेतीनला या म्हटलं होतं. दोन गाणी, एक प्रार्थना, आणि चारला तुम्ही मोकळे. पण ट्रॉम्बोनवाला वरच्या वाडीतून यायचा होता तो उशिरा आला. पास्टर म्हणाले, सूर्य उगवायच्या आत वाढदिवसाचं गाणं कसं म्हणायचं, असं कधी झालेलं नाही. मग पोरं आली, म्हाताऱ्या आल्या, प्रत्येकीने काहीतरी भाजून आणलेलं. दादा पायरीवर उभा राहून रडत होता आणि म्हणत होता, आणखी एक वाजव इझाक, आणखी एक. त्याला इतकं खूष मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात मी वेळ विसरले. तुला मी एकदा पाहिलं, तू दाराशी टोपी हातात धरून उभी होतीस.

तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "आत्या, आज नाही. उद्या जाऊ." आणि मी म्हणाले, "उद्या रविवार आहे. लोकांसमोर तमाशा करू नकोस." हे माझे शब्द. मी ते रोज ऐकते.

आणि मग बॅंड तुम्हाला वाजवत वेशीपर्यंत सोडायला गेला. मला तेव्हा कौतुक वाटलं. आता कळतं. ज्याला वाजतगाजत गावाबाहेर काढलं, तो अर्ध्या तासात घड्याळ बघून परत येईल कसा?

पण मला जाळतं ते वेगळंच आहे. तुझ्या कागदावर बारा लिहिलं होतं. तुम्ही निघालात साडेआठला. मी दारातला कागद बघितला आणि मनात म्हटलं, साडेचार तास उशीर झाला, म्हणजे बाराचे आता साडेचार झाले. कुणाला विचारलं नाही. मी तुझ्यासारखा हिशेब केला, रोवीना, आणि मला तो बरोबर वाटला. दुपारी वारा फिरला. चुलीचा धूर डोंगराकडून गावाकडे यायला लागला, कोंबड्या भिंतीला चिकटल्या. तरी मी बसून होते, साडेचार कधी होतात याची वाट बघत. शेवटी इझाकच आला आणि म्हणाला, तू अशी कशी बसलीस? त्यानेच माणसं जमवली. सकाळी वाजवत होते तेच सगळे गेले.

आता माझं सांगून झालं. तू मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. नर्सचं तू का विचारलं होतंस? मी दोनदा विचारलं आणि दोनदा तू टाळलंस. त्याला काही होत होतं आणि ते मला ठाऊक असतं, तर मी बॅंडला आदल्या संध्याकाळी बोलावलं असतं. नसतंच बोलावलं. मला राग आहे तुझा. तुला माझा असेल. पण मला माझा स्वतःचाही आहे.

लेनी आत्या


केप टाउन
२० फेब्रुवारी १९९६

आत्या,

तुझं पत्र फाडलं नाही. तीन वेळा वाचलं.

बाबा नोव्हेंबरात बस स्टॉपवर पडले होते. उन्हात उभे होते, उभे होते आणि पडले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, त्या अंगातलं पाणी काढून टाकणाऱ्या. उन्हात जपा म्हणाले. टेबल माउंटनवर कुणाचा पाय मुरगळला नव्हता. बाबांना घेरी आली म्हणून परत आलो. त्याच रात्री त्यांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला, लेनीला सांगायचं नाही. सांगितलं की ती रुस्टदालभर प्रार्थना लावेल आणि मला कमानीऐवजी खाटेवर नेऊन बसवेल. मी हात ठेवला. मला वाटलं, माझी योजना इतकी नीट आहे की तुला कळायची गरजच पडणार नाही. पहाटे चारचं मी धरून बसले होते ते या गोळ्यांमुळे. तुला वाटलं, शहरातली बाई घड्याळाला चिकटलीय. मी तुला तसं वाटू दिलं.

डोंगरावरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

नऊ वाजता आम्ही पहिल्या घळीतसुद्धा पोचलो नव्हतो. मी थांबले आणि घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, "साहेब म्हणाले थांब, मी थांबलो. जा म्हणाले, मी गेलो. आता तू घड्याळ दाखवतेस." आणि पुढे चालायला लागले. मी मागून गेले. घळीत सावली उरली नव्हती. पाणी मी देत होते, ते पीत होते, टोपी भिजवून घालत होते. दुसऱ्या टप्प्याखाली झऱ्याच्या जागी नुसता चिखल होता, त्यावर मधमाश्या बसल्या होत्या.

मग वारा आला. तू लिहिलं होतंस तरी माझ्या अंगाला वाटलं, चला, आता गार होईल. सवयच तशी. आणि तुझ्या अंगणातल्या भट्टीचं दार उघडावं तसा चटका बसला. थोड्या वेळाने बाबांच्या शर्टाकडे लक्ष गेलं. तो कोरडा होता. घाम थांबला होता. कपाळाला हात लावला तर तापलेलं, आणि ते मला लेनी म्हणायला लागले. लेनी, कासरा सोडू नकोस, खेचर लाथ मारतं.

एका खडकाखाली हातभर सावली होती, त्यात त्यांचं डोकं आणि खांदे मावले. मी बूट काढले, शर्ट भिजवला, टोपीने वारा घातला. त्यांना सोडून खाली पळायचं माझ्याने झालं नाही. आणि मी पळायची गरज नाही असंच मला वाटत होतं. बारा वाजले तेव्हा मला हायसं वाटलं, आत्या. मी बाबांना म्हटलं, आता निघाली असतील माणसं, लेनी आत्याने पाठवली असतील. दर थोड्या वेळाने मी कडेला जाऊन खाली वाटेकडे बघत होते. हे तुला दुखवायला लिहीत नाही. तू तुझं सांगितलंस, म्हणून सांगते. वेळ बदलली तेव्हा कागद बदलायचं काम माझं होतं. बॅंड वाजत असताना मी दारात रागाने उभी राहिले, आणि तुला एवढं म्हणाले नाही की आता बाराऐवजी किती ते लिहून ठेव.

दोनच्या सुमारास ते थोडे शुद्धीवर आले. वर दोन मोठे खडक एकमेकांना टेकलेले होते, मधून आभाळ दिसत होतं, एवढंसं, कुत्रा जाईल इतकं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "हीच का ती?"

मी म्हटलं, "हो बाबा. हीच."

त्यांनी टोपी काढायला हात वर नेला. टोपी डोक्यावर नव्हतीच, माझ्या हातात होती. पुढे ते बोलले नाहीत.

पास्टरना मी सांगितलं, ते कमानीपर्यंत पोचले, आणि त्यांनी कबरीपाशी तसंच सांगितलं. ते ऐकून घरात येण्याची माझी हिंमत झाली नाही. खरं फक्त तुला ठाऊक असू दे.

रोवीना


रुस्टदाल
५ मार्च १९९६

माझ्या पोरी,

फक्त मला ठाऊक असू दे म्हणतेस. अगं, गावाला ठाऊक आहे. त्याला उचलून आणणारे इझाक आणि बाकीचे त्या डोंगराचा प्रत्येक दगड ओळखतात. जिथून त्यांनी त्याला उचललं तिथून कमान दिसत नाही, अजून बरीच वर आहे, हे त्यांनी त्याच रात्री मला सांगितलं. तरी कबरीपाशी पास्टर म्हणाले, बारेंड सालोमो कमानीखाली उभा राहून आला, तेव्हा आमेन म्हणणारा पहिला इझाकच होता. त्याच्यामागून सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तू मान खाली घालून उभी होतीस, म्हणून तुला दिसलं नाही, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तू त्याला हो म्हणालीस ते बरं केलंस. मी असते तर तेच म्हणाले असते.

तुझ्यावरचा राग गेला असं म्हणणार नाही. कमी झालाय. माझ्यावरचा तसाच आहे.

पण एक झालंय ते तुला सांगायला हवं, आणि तुला ते आवडणार नाही. परवा डोराच्या दुकानात शहरातलं एक जोडपं आलं, तरुण, पायात चपला, बाईच्या पाठीला झोळीत तान्हं मूल. दहा वाजून गेले होते. त्यांनी डोराला विचारलं, कमान किती लांब आहे? जमेल का आम्हाला? डोराने पाण्याच्या दोन लहान बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाली, का नाही जमणार, आमचा बारेंड सालोमो सत्तराव्या वर्षी जाऊन आला. डोरा वाईट बाई नाही. ती दादाचा मान ठेवत होती, आम्ही सगळे ठेवतो तसाच. दुकानात चार-पाच जण होते, कुणी काही बोललं नाही. बाहेर बघितलं तर चुलींचा धूर त्या दिवशीसारखाच डोंगराकडून गावाकडे येत होता.

ती बाई हसली आणि म्हणाली, मग काय, आम्ही तर तरुण आहोत.

मी दारात उभी होते. पिठाची पिशवी हातात होती. मी म्हणाले, "तो पोचला नाही. माझा भाऊ होता तो. तुमच्यासारखाच उशिरा निघाला आणि उन्हाने वाटेतच मेला."

त्यांनी बाटल्या तिथेच ठेवल्या आणि ते गाडीत बसून गेले. डोरा माझ्याशी बोलत नाही. इझाकने ऐकलं असणार, तोही अजून माझ्याकडे फिरकला नाही. दादाची मी रात्री माफी मागितली. पण रोवीना, तो मेला हे मी तोंडाने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हटल्यावर मला दुकानात तिथेच जमिनीवर बसावं लागलं.

तुझी,
लेनी आत्या